'रॉक-अँड-रोल' आणि 'गाना' : दोन संगीतसंज्ञांचा अर्थप्रवास

तौलनिक साहित्याभ्यासात संगीतप्रकारांची नावे ही हाताळण्यास अवघड अशी सामग्री ठरते. छंद, रस, अलंकार यांच्या संज्ञा शास्त्रकारांनी घडवलेल्या असतात. त्यांना व्याख्या असते, ग्रंथाचा आधार असतो आणि खंडनमंडनाची परंपरा असते. लोकसमूहांच्या गीतप्रकारांची नावे मात्र गोदीत, गिरणीच्या चाळीत, प्रार्थनागृहात किंवा गुत्त्यात रुळतात. ती कोणी योजिली याची नोंद नसते, आणि नोंद होते तेव्हा ती बहुधा बाहेरच्या माणसाने, काहीशा उशिराने केलेली असते. त्यामुळे अशा संज्ञेच्या उगमाचा शोध हा केवळ व्युत्पत्तीचा प्रश्न राहत नाही. शब्द कोणाचा होता, तो कोणाच्या हाती गेला आणि या हस्तांतरात त्याचा कोणता अर्थ मागे पडला, हे तीन प्रश्न त्याला चिकटलेले असतात. 'रॉक-अँड-रोल' ही जगभर पसरलेली संज्ञा आणि 'गाना' ही उत्तर चेन्नईतील श्रमिक वस्त्यांची संज्ञा यांना एकत्र ठेवून हे तीन प्रश्न तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

दोन क्रियापदांचे एक नाव

'रॉक' आणि 'रोल' ही इंग्रजीतील दोन साधी क्रियापदे. पहिल्याचा अर्थ पुढेमागे हेलकावणे, डुलवणे; दुसऱ्याचा गडगडणे, कलंडत जाणे. समुद्रावरील जहाजाची गती वर्णन करताना ही दोन्ही क्रियापदे जोडीने येत. आईने पाळणा हलवावा तेही 'रॉक' आणि लाटेवर गलबत हलावे तेही 'रॉक'. या शब्दाच्या मुळाशी ताल आहे, पण संगीत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत या शब्दांना आणखी दोन अर्थ लाभले. पहिला धार्मिक. त्यांच्या भक्तिगीतांत आत्म्याला देवाच्या कुशीत डुलवण्याची प्रतिमा येते, आणि भजनाच्या भरात अंगात येऊन डोलू लागणाऱ्या समुदायासाठीही 'रॉक' हे क्रियापद योजले जाते. दुसरा अर्थ शारीर. ब्लूज गीतांच्या सांकेतिक भाषेत 'रॉक' व 'रोल' ही दोन्ही पदे रतिक्रीडेची सूचक होती. १९२२ मध्ये ट्रिक्सी स्मिथ या गायिकेने ध्वनिमुद्रित केलेल्या एका ब्लूज गीताच्या शीर्षकातच ही दोन्ही पदे या सूचक अर्थाने एकत्र आली आहेत. भक्तीचा आवेग आणि देहाचा आवेग यांसाठी एकच शब्द असणे मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. मधुराभक्तीच्या परंपरेत हे संक्रमण सतत घडत आले आहे. फरक इतकाच की तेथे त्याला शास्त्राचे छत्र मिळाले, येथे मिळाले नाही.

यानंतरच्या नोंदी पाहिल्या तर एकाच शब्दाचे तिन्ही अर्थ समांतर चाललेले दिसतात. १९३४ मध्ये बॉझवेल भगिनींनी एका चित्रपटासाठी 'रॉक अँड रोल' याच नावाचे गीत गायिले. त्यात अभिप्रेत आहे ते समुद्राचे हेलकावणे. १९४२ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यवसायपत्राचा स्तंभलेखक मॉरी ओरोडेंकर याने सिस्टर रोझेटा थार्प हिच्या द्रुतलयीतील ध्वनिमुद्रिकांसारख्या रचनांचे वर्णन करताना हे पद वापरले. थार्प ही मुळात भक्तिगीतांची गायिका होती हे लक्षात घेतले, म्हणजे शब्दाचा धार्मिक धागा त्या वेळी तुटला नव्हता हे स्पष्ट होते. १९४७-४८ च्या सुमारास रॉय ब्राउन आणि वायनोनी हॅरिस यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत 'रॉकिंग' हा शब्द रात्रीच्या मौजमजेशी जोडला गेला. म्हणजे १९५० पूर्वीच शब्द होता आणि संगीतही होते. नव्हते ते एवढेच की, हा शब्द त्या संगीताचे सर्वमान्य नाव झालेला नव्हता.

नामकरण कोणी केले?

हे नाव ॲलन फ्रीड या नभोवाणी-निवेदकाने दिले, असे सर्रास लिहिले जाते. १९५१ मध्ये क्लीव्हलँड येथील नभोवाणी केंद्रावरून फ्रीडने कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांचा रात्रीचा कार्यक्रम सुरू केला. या ध्वनिमुद्रिका गोऱ्या घरांतील मुलेही विकत घेत आहेत, ही बाब त्याच्या नजरेस आणून देणारा लिओ मिंट्झ हा ध्वनिमुद्रिकांचा दुकानदार होता. फ्रीड 'मूनडॉग' या टोपणनावाने बोलत असे. १९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला तेव्हा त्याच नावाने वावरणाऱ्या लुई हार्डिन या अंध पथवादकाने त्याच्यावर दावा लावला व जिंकला. जुने नाव सोडणे भाग पडल्यावर फ्रीडने कार्यक्रमाला 'रॉक-अँड-रोल'चे नाव दिले. एका अर्थाने, या संज्ञेच्या प्रसाराला न्यायालयात हरलेल्या एका नावाने हातभार लावला.

तथापि फ्रीडला 'जनक' म्हणण्याने मूळ प्रश्न झाकला जातो. त्याने शब्द घडवला नाही. त्याने त्याचा श्रोतृवर्ग बदलला. या बदलामागील गरज समजण्यासाठी आधीच्या नावांकडे पाहावे लागते. कृष्णवर्णीयांच्या संगीताला अमेरिकी बाजारपेठेत 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे 'वंशाच्या ध्वनिमुद्रिका' म्हटले जाई. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड'ने हे नाव टाकून जेरी वेक्सलरने सुचवलेले 'रिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारले. शब्द सभ्य झाला, पण ते कोणाचे संगीत हे सर्वांना ठाऊक होते. 'रॉक-अँड-रोल' या नावात मात्र वंशाचा मागमूसही नव्हता. गोऱ्या पालकांना ते निरर्थक, खेळकर शब्दांचे जोडपे वाटले. ज्यांच्या बोलीतून ते आले त्यांना त्यातील सूचकता पुरेपूर कळत होती. १९५५ च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाने बिल हेलीचे गीत जगभर नेले, तोवर हे नाव एका वांशिक समूहाचे न राहता एका वयोगटाचे झाले होते.

येथे अर्थविचाराच्या दृष्टीने एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. सामान्य शब्दाचे संगीतप्रकाराच्या नावात रूपांतर व्हायचे तर त्याचा नेहमीचा अर्थ मंदावावा लागतो. शब्द जोवर पारदर्शक असतो तोवर तो वर्णन करतो. अपारदर्शक झाला की नाव होतो. 'रॉक-अँड-रोल'च्या बाबतीत हे मंदावणे बाजारपेठेच्या सोयीने घडले, आणि अर्थाबरोबर त्याच्या मूळ धन्यांची स्मृतीही मंदावली.

मुंबई आणि मद्रास

भारतात हे संगीत पोहोचले ते बव्हंशी चित्रपटामार्गे, आणि त्या मार्गावर एक मराठी संगीतकार ठळकपणे उभा आहे. पुणतांबे येथे १९१८ मध्ये जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांच्या संगीतदिग्दर्शनाचा आरंभ तमिळ चित्रपटांनी झाला होता, ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही. 'वनमोहिनी' (१९४१) हा त्यांपैकी एक. त्याचे दिग्दर्शक भगवान पालव, म्हणजेच पुढे 'अलबेला' (१९५१) मधून घराघरांत पोहोचलेले भगवानदादा. रॉक-अँड-रोलचा ठसा ज्यावर स्पष्ट दिसतो ते 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' हे गीतही अशाच दुहेरी वाटेवरचे आहे. चित्रपटाचे दिग्दर्शक एम. व्ही. रामन हे मद्रासच्या एव्हीएम संस्थेत घडलेले. नायिका वैजयंतीमाला याही मद्रासच्या, आणि त्यांचे पदार्पण रामन यांच्याच 'वाळ्क्कै' (१९४९) या तमिळ चित्रपटातून झालेले. १९५९ मध्ये रामन यांनी 'आशा'ची तमिळ आवृत्ती 'अदिसय पेण्' या नावाने काढली.

या गीताच्या मुखड्यात अर्थ नाही, नाद आहे. मुलांच्या मोजणीच्या खेळातील बोलांवरून ते सुचले आणि गोव्याच्या एका साहाय्यक वादकाने त्यात भर घातली, असे सांगितले जाते. 'मला नको' या अर्थाचे कोकणी शब्द त्यात आजही ऐकू येतात. तौलनिक दृष्टीने ही बाब उद्बोधक आहे. ज्या संगीताचे नाव स्वतःच अर्थापासून सुटलेले होते, ते परभाषेत उतरताना अर्थहीन अक्षरांचाच आधार घेते. मराठीत 'रॉक अँड रोल' हे पद भाषांतरित न होता जसेच्या तसे राहिले, याचेही कारण तेच. 'हेलकावा आणि गडगड' असे त्याचे भाषांतर करणे शक्य होते. पण ज्याचा अर्थ मूळ भाषेतच मावळला आहे त्याचे भाषांतर करण्याचे प्रयोजन उरत नाही.

मद्रासमध्ये याच सुमारास जे. पी. चंद्रबाबू हा विनोदी नट आणि गायक पाश्चात्त्य धर्तीचे 'योडलिंग' तमिळ चित्रगीतांत आणीत होता. 'सबाष मीना' (१९५८) मधील त्याच्या दोन भूमिकांपैकी एक रिक्षा ओढणाऱ्याची आहे आणि तो बोलतो ती मद्रासच्या रस्त्यावरची बोली. पाश्चात्त्य लय आणि शहराच्या तळच्या थराची भाषा एकाच नटाच्या ठायी एकत्र येणे हा योगायोग मानला तरी, पुढे अर्धशतकानंतर जे घडले त्याची ती पूर्वखूण ठरते. त्यासाठी 'गाना' या संज्ञेकडे वळावे लागते.

'गाना' : एका उसन्या शब्दाचे स्थायिक होणे

रायपुरम, कासिमेडू, व्यासरपाडी, पुळियंतोप या उत्तर चेन्नईतील वस्त्या बंदर, रेल्वे आणि कापडगिरण्या यांच्या आधाराने वाढल्या. दक्षिण भारतातील पहिले रेल्वे स्थानक १८५६ मध्ये रायपुरमलाच उभे राहिले. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांचा १९२१ चा संप कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. इंग्रजांच्या किल्ल्याला लागून असलेल्या एतद्देशीयांच्या वस्तीला कागदोपत्री 'ब्लॅक टाउन' म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे 'जॉर्ज टाउन' झाले. 'रेस रेकॉर्ड्स'चे 'रिदम अँड ब्लूज' व्हावे तसाच हा प्रकार होय.

या परिसरातील श्रमिक, मुख्यतः दलित वस्त्यांत गायिल्या जाणाऱ्या गीतांना 'गाना' म्हणतात. मृत्यूनंतरच्या रात्री प्रेतापाशी बसून, पुढे उत्तरकार्याच्या वेळी, तसेच लग्नात व सणासुदीला ही गीते गायिली जातात. मृत्यूप्रसंगीच्या गीतांना 'मरण गाना' असे स्वतंत्र नाव आहे. ढोलक किंवा डफाच्या जातीचे वाद्य असल्यास उत्तम. नसल्यास मेज, घागर किंवा आगपेटीही चालते. मृताचे गुणवर्णन, देहाची नश्वरता, उपजीविकेचे हाल, प्रेमभंग, पोलिसांचा जाच, डॉ. आंबेडकरांचे स्मरण असे विषय त्यांत येतात.

हा शब्द तमिळ नाही. गीताला तमिळमध्ये 'पाट्टु' व 'पाडल्' हे स्वतःचे शब्द आहेत. संस्कृतातून आलेला 'गानम्' हाही शब्द तमिळमध्ये आहे. परंतु तो अभिजात संगीताच्या परिभाषेत वावरतो. संस्कृत नपुंसकलिंगी व अकारान्त नामे तमिळमध्ये साधारणतः 'अम्' प्रत्ययान्त होतात, जसे रागम्, ताळम्, गानम्. 'गाना' या रूपातील अन्त्य दीर्घ 'आ' संस्कृताकडे नव्हे, तर हिंदुस्तानीकडे निर्देश करतो. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे हा शब्द मराठीतून आला असावा, अशी शंका कोणाला येऊ शकेल. पण मराठी रूप 'गाणे' आहे, त्यात मूर्धन्य 'ण' आहे. तमिळ लिपीत 'न' आणि 'ण' यांना वेगळी अक्षरे असून 'गाना' हा शब्द 'न'नेच लिहिला जातो. तेव्हा शब्दाचा मूळ स्रोत हिंदी-उर्दू, आणि प्रवेशाचा संभाव्य मार्ग शहरातील दखनी असाच तर्क सयुक्तिक ठरतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटच्या नवाबाने चेपॉक येथे राजवाडा बांधला, तेव्हापासून उर्दू-दखनी ही या शहराची एक नित्याची भाषा आहे.

'मद्रास बाषै' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरी बोलीत अशा शब्दांचा भरणा आहे. 'बेजार', 'नाष्टा', 'उषार', 'गलीज', 'जल्सा' हे त्यांतील काही. मराठी वाचकाला हे सारे घरचेच वाटतील, कारण फारसी-उर्दूचा तोच प्रवाह मराठीतही मुरला आहे. मात्र शब्द एक असूनही त्यांची प्रतिष्ठा एक नाही. 'जल्सा' याचा चेन्नईच्या बोलीतील अर्थ चैन, मौज, काहीसा छचोर असा आहे. महाराष्ट्रात सत्यशोधक जलसा आणि भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांचा आंबेडकरी जलसा यांनी त्याच शब्दाला प्रबोधनाचे नाव केले. शब्दाची प्रतिष्ठा व्युत्पत्तीतून येत नाही, ती वापरणाऱ्यांच्या इतिहासातून येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

'गाना' या शब्दाच्या बाबतीत अर्थविस्तार नव्हे, तर अर्थसंकोच झाला. हिंदुस्तानीत कोणतेही गीत म्हणजे गाना. चेन्नईत विशिष्ट वस्तीचे, विशिष्ट प्रसंगीचे, विशिष्ट आवाजातील गीत म्हणजे गाना. सामान्य अर्थ मंदावण्याची अट येथेही पाळली गेली. पण ती बाजारपेठेने नव्हे, तर भाषेच्या सीमेने पूर्ण केली. परभाषेतील शब्द तमिळ श्रोत्याला पुरता पारदर्शक नव्हता, म्हणून तो नाव होऊ शकला.

लावणीचे प्रत्यंतर

हेच तत्त्व उलट दिशेने पडताळून पाहता येते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. त्या काळात अनेक मराठी वाङ्मयीन संज्ञा तमिळ प्रदेशात रुजल्या. हरिकथेत साकी, दिंडी, अभंग ही नावे आजही जिवंत आहेत. 'लावणी' ही संज्ञाही तमिळमध्ये आहे. पण तेथे तिचा अर्थ शृंगारिक नृत्यगीत असा नाही. कामदहनाच्या उत्सवात दोन पक्ष समोरासमोर बसून मदन जळाला की नाही यावर गीतांतून वाद घालतात, त्या वादगीताला तमिळमध्ये लावणी म्हणतात. जळाला म्हणणारा तो 'एरिन्द कट्चि', जळाला नाही म्हणणारा तो 'एरियाद कट्चि'. मराठीतील कलगी-तुऱ्याची झगड्याची परंपरा येथे ओळखता येते. महाराष्ट्रात 'लावणी' शब्दाची व्युत्पत्ती 'लावणे'पासून की 'लावण्य'पासून हा वाद चालतो. तमिळ गायकाला तो वाद संभवतच नाही, कारण त्याच्यासाठी तो निव्वळ नाव आहे. मराठीत ज्या अंगाला पुढे दुय्यमत्व आले ते वादाचे अंग तमिळने जपले. स्थलांतरित संज्ञा कधी कधी मूळ घरी विसरलेला अर्थ सांभाळून ठेवते, हे तौलनिक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दोन संज्ञांची भेट

१९९० च्या दशकात संगीतकार देवा यांनी 'गाना' चित्रपटात मोठ्या प्रमाणावर आणला. पुढे गाना उलगनाथन, गाना बाला या गायकांच्या नावातच तो उपाधीसारखा जडला. याच काळात रॉक-अँड-रोलसारखी विस्मृती होण्याचा धोका निर्माण झाला. चित्रपटातील 'गाना' म्हणजे उडत्या चालीचे, थट्टेचे गीत असा समज पसरला आणि प्रेतापाशी जागवलेल्या रात्री त्यातून वगळल्या गेल्या. दरम्यान शहराच्या दुसऱ्या टोकाला, आयआयटी मद्रासच्या महोत्सवात, रॉकची वेगळीच परंपरा वाढली होती. तेथे रॉक हे इंग्रजी शिकलेल्या तरुणांचे संगीत होते. कृष्णवर्णीय श्रमिकांच्या बोलीतून निघालेला शब्द दक्षिण चेन्नईत अभिजनांचा झाला, आणि त्याच जातीचे अनुभव सांगणारे गीत उत्तर चेन्नईत असंस्कृत ठरत राहिले.

२०१७ मध्ये चित्रपटदिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद स्थापन झाला व जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला कार्यक्रम झाला. तमिळ बौद्ध विचारवंत अयोत्तिदासर (१८४५-१९१४) यांच्या 'जातिविहीन तमिळ' या कल्पनेवरून त्याचे नाव घेतले आहे. गाना, रॉक आणि रॅप यांचा त्यात संयोग आहे. पुरुषांच्या मानल्या गेलेल्या या क्षेत्रात गाना गाणारी इसैवाणी ही या वृंदातील गायिका. २०२० मध्ये बीबीसीने जगातील शंभर उल्लेखनीय स्त्रियांत तिची गणना केली. या प्रयोगाचे संज्ञाविचारातील महत्त्व असे की, येथे रॉक हा शब्द पुन्हा आपल्या उगमासारख्या सामाजिक भूमीवर आला, आणि 'गाना' हा शब्द आपली वस्ती न सोडता मंचावर गेला.

या संदर्भात 'परै' या शब्दाची आठवण अपरिहार्य ठरते. परै हे तमिळ प्रदेशातील चर्मवाद्य. त्या वाद्यावरून एका जातीचे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. त्या जातिनामावरून इंग्रजीत 'पराया' उच्चाराच्या जवळचा 'पॅरिया' हा शब्द गेला, आणि तेथे त्याचा अर्थ 'बहिष्कृत' असा झाला. एका वाद्याचे नाव जगभर अपमानाचे विशेषण होते. दुसरीकडे, अपमानित समूहाच्या बोलीतील शब्द जगभर आनंदाचे नाव होतो, पण त्या समूहाचे ऋण न सांगता. दोन्ही प्रवासांत नुकसान एकाच बाजूचे झाले आहे.

म्हणून अशा संज्ञांच्या बाबतीत 'प्रथम कोणी वापरली' हा प्रश्न अपुरा ठरतो. फ्रीडचे वर्ष किंवा ओरोडेंकरचा स्तंभ सांगितल्याने मुद्रित नोंदीचा आरंभ कळतो, संज्ञेचा नव्हे. 'गाना'च्या बाबतीत तर अशी नोंद शोधण्याचा अट्टहासही व्यर्थ आहे. तेथे 'न' आणि 'ण' यांतील भेद कोणत्याही दिनांकापेक्षा अधिक सांगून जातो. तसेच 'गाना म्हणजे तमिळ ब्लूज' किंवा 'चेन्नईचा रॉक' अशी समीकरणे सोपी असली तरी फसवी आहेत, कारण ती अप्रतिष्ठित नावाला प्रतिष्ठित नावाची ओळख उसनी देतात. तुलनेचा आधार ध्वनीचे साम्य हा नसून नाव मिळण्याची प्रक्रिया हा असला पाहिजे. त्या प्रक्रियेत एका शब्दाने घर गमावून जग मिळवले. दुसऱ्याने परका असूनही एक घर केले, आणि ते अद्याप सोडलेले नाही.